रताळ्याच्या पोळ्यांचा डबा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, खंडीभर लोकांना सांगितली आहे, भानगड तीच तर आहे. पण खरी सांगितलेली नाही. बायकोला नाही, माझ्याबरोबर काम करणाऱ्या रेणुकाला नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आणि आत्तासुद्धा मुद्द्यावर यायला जीभ वळत नाही. थोडा फिरून आलो तर चालेल ना?

आधी माझा धंदा सांगतो. मी संस्थांसाठी कार्यशाळा घेतो. शाळा, दवाखाने, पतसंस्था, एखादा कारखाना — जिथं माणसं एका छपराखाली काम करतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, तिथून मला बोलावणं येतं. खानापूर, संकेश्वर, निपाणी, कधी कोगनोळीपर्यंत. मी जातो, टेबलं भिंतीला लावतो, खुर्च्या गोल मांडतो, साहेबांची गादीची खुर्ची बाहेर काढून त्यांनाही प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवतो. रंगीत कागद, स्केचपेन, भिंतीवर मोठे तक्ते. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. सुरुवातीला लोक हसतात, ही काय बालवाडी काढली म्हणतात, आणि दुपारपर्यंत बोलायला लागतात. मी राहतो त्या अनगोळात शेजारी विचारतात, तुम्ही नेमकं करता काय हो? मी सांगतो, लोकांना बोलतं करतो. ऐकायला बरं वाटतं.

या कामाची एक रीत आहे. समोरच्यानं मन मोकळं करावं असं वाटत असेल तर आधी आपण करायचं. म्हणून चहानंतर सगळे गोल बसले की पहिली गोष्ट माझी असते. मग ज्याला वाटेल त्यानं आपली सांगायची. आणि दुपारी जेवणाला अंगतपंगत. केटरिंग नाही, प्रत्येकानं घरून डबा आणायचा, सगळे डबे मध्ये ठेवायचे आणि कुणीही कुणाच्यातलं खायचं. ही माझी खासियत. लोक मला तेवढ्यासाठी लक्षात ठेवतात.

आता ती पहिली गोष्ट. मी ती अशी सांगतो —

मी चौथीत होतो. आमच्या उचगावच्या शाळेचं वनभोजन आमराईत गेलं होतं. गुरुजी म्हणाले, गोल बसा, डबे उघडा, अंगतपंगत करू. आम्ही गरीब होतो. तरी आईनं पहाटे उठून रताळ्याच्या पोळ्या केल्या होत्या, छोट्या छोट्या, गूळ घालून, साऱ्या वर्गाला पुरतील इतक्या. डबे फिरले. चटणी संपली, लोणचं संपलं, शिळ्या भाकरीचे तुकडेसुद्धा उडाले. माझ्या डब्याला मात्र कुणी हात लावला नाही. तो कुठंतरी बाजूला पडला. घरी जाताना मी ओढ्याकाठी बसलो आणि एकेक पोळी खात सुटलो, आईला भरलेला डबा दिसू नये म्हणून. रडत होतो आणि खात होतो. पोटात जाईना तेव्हा उरलेल्या पाण्यात सोडल्या. घरी आई म्हणाली, आवडल्या का रे पोरांना? मी म्हटलं, सगळ्यांनी संपवल्या.

इथं मी थांबतो. पाण्याचा घोट घेतो. तहान नसते. समोर कुणीतरी डोळे पुसत असतं, आणि मग बांध फुटल्यासारखी माणसं बोलू लागतात. दोन्ही भाषांत मला ही गोष्ट पाठ आहे. कन्नडात थोडी जास्तच रंगते.

ही गोष्ट माझी नाही.

लिहिलं एकदाचं. आमची पाच एकर जमीन होती, घरात दूधदुभतं होतं. आम्ही गरीब नव्हतो. डबा सुजाताचा होता. वर्गात माझ्या शेजारी बसायची ती. तिचं घर बौद्धवाड्यात, आणि तिची आई आमच्या शेतात रताळी काढायला यायची. त्या पोळ्यांतली रताळीही आमच्याच वावरातली होती — मजुरीबरोबर चार रताळी जास्त दिली जायची ना, ती. आणि तिच्या डब्याला कुणी हात का लावला नाही हे मी तुम्हाला सांगायला हवं का? माझ्या गोष्टीतून मी जात काढून टाकली आणि तिथं गरिबी बसवली. गरिबी कुणालाही सांगता येते. ऐकणाऱ्यालाही बरी पडते.

पहिल्यांदा कशी सांगितली गेली ते आठवतं. खानापूरकडच्या एका संस्थेत माझी सुरुवातीसुरुवातीची कार्यशाळा होती. माणसं हाताची घडी घालून बसलेली, कुणी तोंड उघडेना, मला घाम फुटलेला. काहीतरी मनापासूनचं सांगावं म्हणून मी सुरू केलं, आणि सांगायचं होतं, 'आमच्या वर्गात एक मुलगी होती.' खरंच तेच सांगायचं होतं. पण वाक्य ओठांवर आलं आणि लक्षात आलं, की कुणीतरी विचारेल — मग तुम्ही काय केलंत सर? म्हणून मी 'मी' म्हणालो. एक शब्द बदलला आणि सगळं सोपं झालं. लोक रडले. मला टाळ्या मिळाल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. एकदा आत शिरलो तो शिरलोच.

तेव्हा वाटलं, एकदाच. मग वाटलं, लोकांचं भलंच होतंय की, कुणाचं काय बिघडतंय? सुजाता कुठं होती, मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नव्हतं.

आता निपाणी.

निपाणीच्या एका खासगी दवाखान्यानं कार्यशाळा ठरवली. आधीची भेट, बोलणी, सगळं रेणुकानं केलं होतं. मी थेट त्या दिवशी सकाळी पोचलो. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये रेणुका तक्ते लावत होती, मी व्हरांड्यात चहा घेत होतो, तेवढ्यात दवाखान्याच्या प्रशासक मॅडम आल्या. चष्मा, केसांत थोडी चांदी, गळ्यात ओळखपत्र. माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "परशा न्हवं तू? उचगावचा?"

परशराम म्हणायला घरी कुणी उरलं नाही, परशा तर दूरच. मला इतका आनंद झाला, खरं सांगतो, की पहिला क्षणभर मला डबा आठवलाच नाही. सुजाता! आम्ही हसलो. शाळेतले गुरुजी, ओढा, कोण कुठं गेलं, सगळं काढलं. मग ती कामाचं बोलायला लागली. नर्सबाया वरच्या खोलीत जेवतात, आया आणि झाडूवाल्या जिन्याखाली. तिनं एक मोठं टेबल आणून ठेवलं होतं, सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून. टेबलावर आता फायली साचल्यात.

"माझ्यासंगंपण बसत न्हाईत रं," ती म्हणाली. "म्हणत्यात, मॅडम, तुमचं आपलं केबिनमध्येच बरं. का म्हणत्यात ते तुला सांगाय पायजे व्हय?"

मी मान हलवली.

"म्हणून आज मी सांगणार हाय. आमराईतलं. आजवर कुणाला बोलले न्हाय, नवऱ्यालापण न्हाय. आज धीर केलाय. तुला आठवतंय न्हवं, माझा डबा?"

आणि मी म्हणालो, "कुठला डबा गं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी चहा पीत होतो. कपात चहा नव्हता.

"लई वर्षं झाली, न्हाय आठवत," मी पुढं म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. "तुला आठवत न्हाय तर बरंच झालं. भिऊ नको, मी कुणाचं नाव घेणार न्हाय." मग थोडं थांबून, "आई गेली माझी, मागच्या साली. शेवटपतोर म्हणायची बघ, परशाला माझ्या पोळ्या लई आवडल्यात्या."

ती आत गेली. मी व्हरांड्यात उभा. मला कशाची भीती वाटली, सांगू? सुजाता माझं नाव घेईल याची नाही, तिनं तर शब्दच दिला होता. मला रेणुकाची भीती वाटली. कितीतरी वर्षं माझ्या शेजारी बसून तिनं ती गोष्ट ऐकली आहे. कुठल्या वाक्यानंतर पाण्याचा पेला पुढं करायचा हेही तिला माहीत आहे. सुजातानं तोंड उघडलं असतं — आमराई, रताळ्याच्या पोळ्या, ओढा — तर रेणुकानं आधी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं असतं. तेवढं एक बघणं चुकवण्यासाठी मी जे केलं ते केलं.

दुसरी गोष्ट सांगता आली नसती का? आली असती. माझ्याकडं खऱ्या दोनचार आहेत, साध्या आहेत, पण आहेत. सरळ म्हणता आलं असतं, आज पहिली गोष्ट मॅडम सांगतील. कोण अडवणार होतं? मी तसं ठरवलंसुद्धा होतं. सगळे गोल बसले, मी उभा राहिलो, तोंड उघडलं, समोर सुजाता बसली होती, मांडीवर हात ठेवून, तयार होऊन. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी. आणि मी परत खाली बसलो आणि म्हणालो, "मी चौथीत होतो."

मी आधी सांगितली म्हणजे तिला सांगता येणार नाही. बस्स. एवढाच हिशेब होता, आणि तो मी शुद्धीत केला होता.

ती पहिल्या वाक्यांना गोंधळली. मग समजली. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत घातला. मी बाकी सगळ्यांकडं बघत होतो, तिच्याकडं सोडून. पण ओढ्यापाशी आलो तेव्हा तिनं मान अशी झटक्यात वर केली की माझी नजर गेलीच. का, तेही सांगतो. ओढ्याचं तिनं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं ती एकटी होती, म्हणजे तिला तसं वाटत होतं. मी मागून येत होतो, करंजाच्या झाडाआड थांबलो होतो आणि सगळं बघत होतो, हे तिला त्या खुर्चीवर, त्या माणसांच्या मध्ये, माझ्या तोंडून कळलं. आणि तरी मी थांबलो नाही. रेणुकानं पाण्याचा पेला पुढं केला. मी घोट घेतला.

गोष्ट लागू पडली. कधी नव्हे इतकी लागू पडली. एक तरुण नर्स हुंदके देऊ लागली. जिन्याखाली जेवणाऱ्यांतली शांताक्का नावाची वयस्क आया बोलली, मग दुसरी बोलली. वरच्या बाया माना खाली घालून ऐकत होत्या. एकेक करत बोलणं सुजातापर्यंत आलं.

"मॅडम, तुमची गोष्ट?" रेणुकानं विचारलं.

"माझी झाली सांगून," सुजाता म्हणाली.

रेणुकाला वाटलं, सकाळच्या स्वागताच्या भाषणाबद्दल बोलतायत. ती हसली आणि पुढच्या बाईकडं वळली.

दुपारी अंगतपंगत. सतरंज्या घातल्या, डबे मध्ये ठेवले. मी बसतोय तेवढ्यात शांताक्का गुडघ्यावर हात टेकत माझ्यापाशी आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. "लेकरा," ती म्हणाली, "तुझ्या आईच्या पोळ्या कुणी खाल्ल्या न्हाईत व्हय रं? ये, माझ्या हातचं खा." तिनं भाकरीचा तुकडा वांग्यात बुडवून माझ्या तोंडात घातला. आणि मी खाल्ला. मला रडू आलं, आणि ते रडू खरं होतं, हे तर फारच वाईट. ते बघून मघाच्या नर्सनं शांताक्काच्याच डब्यातलं वांगं घेतलं, मग दुसरीनं घेतलं, हात एकमेकांत मिसळले. सुजाताला जे हवं होतं ते तिच्या डोळ्यांदेखत घडत होतं. समोरच बसली होती ती. तो हात तिच्या गालावरून फिरायला हवा होता. तो घास तिचा होता. आधी डबा गेला, मग गोष्ट गेली, आणि आता तिच्या वाटची मायाही मी तिच्यासमोर गिळत होतो.

तिचाही डबा मध्ये होता. त्यात काय होतं मी पाहिलं नाही. माझा हात तिकडं गेला नाही. या वेळी लाजेनं गेला नाही, पण डब्याला त्यातलं काय कळणार?

निघताना ती फाटकापर्यंत आली. यजमानीण म्हणून यायलाच हवं होतं तिला. मी काहीतरी बोलणार होतो, निदान तसं वाटत होतं. पण रेणुका शेजारी होती. सुजातानं रेणुकाचे आभार मानले, दोघींनी हात मिळवले. मग माझ्याकडं वळून ती एवढंच म्हणाली, "झाडाआड हुतास तर हाक मारायची हुतीस रं. मला खाऊ लागला असतास."

रेणुकानं गाडीत विचारलं, मॅडम झाडाचं काय म्हणाल्या? मी म्हटलं, गावाकडची थट्टा आहे. संकेश्वर येईपर्यंत ती माझं कौतुक करत होती. सर, आजची तुमची गोष्ट लई भारी झाली, म्हणाली. मी खिडकीबाहेर उसाकडं बघत होतो.

आता जे सांगायचं ठेवलंय ते सांगतो. फिरून झालं. आणखी फिरायला जागा नाही.

माझ्या गोष्टीत डबा 'कुठंतरी बाजूला पडला' असं मी म्हणतो. डबे आपोआप बाजूला पडत नाहीत. सुजाता माझ्या शेजारी बसली होती. तिनं झाकण काढलं आणि डबा सगळ्यांत आधी माझ्यापुढं धरला. "घे की रं परशा," म्हणाली. गुळाचा वास आला. मला त्या हव्या होत्या, माझा हात उचललाही गेला होता. मी एक घेतली असती तर पुढच्यानं घेतली असती, मग त्याच्या पुढच्यानं. पोरांचं असंच असतं. सगळे माझ्याकडंच बघत होते, पाटलांचा परशा काय करतो ते. घरून मला कुणी काही बजावलं नव्हतं. गरजच नव्हती, ओसरीच्या वळचणीला तिच्या आईचा कप वेगळा ठेवलेला मी रोज बघत होतो. मी तिच्या हातातून डबा घेतला. झाकण लावलं, नीट दाबून लावलं. आणि माझ्या पाठीमागं, आंब्याच्या मुळापाशी ठेवून दिला. मग पुढच्याची चटणी घेतली.

जाताना तिनं माझ्या मागून डबा उचलून घेतला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिची आई आमच्या शेतात आली होती. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हसत म्हणाली, "पोरगी म्हणती सगळ्यांनी संपवल्या. तुला आवडल्या व्हय रं परशा?" मी म्हणालो, "लई आवडल्या, मावशी. मी दोन खाल्ल्या." ती बाई दिवसभर खुशीत होती. सुजाता बांधावर बसली होती, तिनं हे ऐकलं. ऐकूनही ती आईला कधी काही बोलली नाही.

निपाणीनंतर मी ती गोष्ट सांगणं सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. त्यानंतर दोन ठिकाणी सांगितली आहे.

दवाखान्यातून मधूनमधून फोटो येतात. टेबलावरच्या फायली गेल्या. नर्सबाया, आया, झाडूवाल्या एकत्र जेवतात, शांताक्का सगळ्यांच्या मध्ये बसते. त्या जेवणाला त्यांनी नाव दिलंय, सरांची पंगत. सर म्हणजे मी. दुपार झाली की कुणीतरी जिन्यावरून हाक मारतं, चला गं, सरांच्या पंगतीला. आणि सुजाता आपला डबा घेऊन येते, रोज, आणि त्या पंगतीत बसून जेवते.